फॉरमॅट मारण्याआधी : अपडेटनंतर बंद पडलेल्या संगणकाची चिकित्सा

महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजले की मायक्रोसॉफ्ट विंडोजचे मासिक अपडेट सोडते. ऑक्टोबर २००३ पासूनचा हा शिरस्ता आहे. त्या वेळी कोल्हापुरात रात्रीचे साडेदहा, आणि हिवाळ्यात साडेअकरा वाजलेले असतात. दुकाने, कार्यालये बंद झालेली असतात, म्हणून आपल्याकडे अपडेटचा खरा वार बुधवार. बुधवारी दिवसभरात संगणक ते मागच्या मागे उतरवून घेतो, संध्याकाळी बंद करताना बसवायला लागतो, आणि गुरुवारी सकाळी राजारामपुरीतल्या एखाद्या दुरुस्तीच्या दुकानात कोणीतरी सीपीयू काखेत धरून उभे असते.

"काय झालंय ओ?"

"काही नाही, अपडेट आलं आणि बंद पडला."

"फॉरमॅट मारायला लागतंय बघा."

एवढ्या संवादात दोन निष्कर्ष काढून झालेले असतात आणि दोन्ही पुराव्याविना. पहिला, संगणक अपडेटमुळेच बंद पडला. दुसरा, डिस्क पुसून नव्याने विंडोज टाकल्याशिवाय गत्यंतर नाही. माझ्या मते पहिला निष्कर्ष बऱ्याचदा अर्धाच खरा असतो आणि दुसरा बहुतेक वेळा चुकीचा. फॉरमॅटने यंत्र सुरू होते हे खरे. पण बिघाड का झाला होता याचा पुरावा त्याच वेळी पुसला जातो, आणि सोबत गिऱ्हाईकाचे हिशेब, फोटो, पत्रव्यवहारही. उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत कास्टिंग रिजेक्ट झाले तर ते थेट पुन्हा वितळवायला कोणी टाकत नाही. दोष वाळूचा, धातूचा की पॅटर्नचा हे आधी पाहतात, कारण ते न पाहता ओतलेले पुढचे कास्टिंगही तसेच निघणार. तेवढी शिस्त संगणकाच्या वाट्याला येत नाही.

बंद पडला म्हणजे नेमका कुठे

पॉवरचे बटण दाबल्यापासून आपला डेस्कटॉप दिसेपर्यंत काम टप्प्याटप्प्याने एकाकडून दुसऱ्याकडे सोपवले जाते. आधी एसएमपीएस वीज देतो आणि मदरबोर्डवरचे फर्मवेअर रॅम, कीबोर्ड, डिस्क यांची हजेरी घेते. या फर्मवेअरला सगळे अजून बायोसच म्हणतात, जरी गेल्या दहा-बारा वर्षांतल्या यंत्रांत त्याची जागा यूईएफआयने घेतली असली तरी. मग फर्मवेअर डिस्कवरचा एक छोटा छुपा विभाग शोधते, साधारण १०० एमबीचा, आणि तिथला बूट मॅनेजर चालवते. बूट मॅनेजर विंडोजचा गाभा, म्हणजे कर्नेल, आणि डिस्कपर्यंत पोहोचायला लागणारे ड्रायव्हर मेमरीत आणतो. कर्नेल उभा राहिला की बाकीचे ड्रायव्हर, सेवा, ग्राफिक्स आणि पासवर्डचा पडदा. शेवटी आपले प्रोफाइल उघडते आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, ते टॅलीसारखे हिशेबाचे सॉफ्टवेअर किंवा प्रिंटर सुरू होतो.

'बंद पडला' हा एकच शब्दप्रयोग या सगळ्या ठिकाणच्या बिघाडांना वापरला जातो, आणि चिकित्सेतली निम्मी अडचण तिथेच आहे. म्हणून पहिला प्रश्न 'काय झाले' असा नसावा. 'शेवटचे काय दिसले' असा असावा.

बटण दाबल्यावर पंखा फिरतो पण पडद्यावर कंपनीचा लोगोसुद्धा येत नाही, अशी तक्रार असेल तर विंडोजचा संबंध जवळजवळ संपला. मासिक अपडेट डिस्कवरच्या फायली बदलते; डिस्कपर्यंत पोहोचण्याआधीच यंत्र अडले असेल तर त्या फायली चांगल्या आहेत की वाईट हा प्रश्नच उद्भवत नाही. रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने पुसून पुन्हा लावणे हा दुकानातला उपाय हसण्यावारी नेण्यासारखा नाही; दमट हवेत तो वारंवार लागू पडतो. अपवाद एकच, पण महत्त्वाचा : अलीकडे लॅपटॉपचे बायोसही विंडोज अपडेटमधूनच बदलले जाते. ते चालू असताना बॅटरी संपली किंवा कोणी बटण दाबून ठेवले, तर लोगोही न दिसण्याची पाळी येऊ शकते. अशा वेळी बरेच उत्पादक बायोस पूर्ववत करण्यासाठी खास बटणांची जुळणी ठेवतात. मॉडेल क्रमांकावरून ती शोधावी लागते.

लोगो दिसला, पण पुढे 'बूट करण्याजोगे उपकरण सापडले नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळ आली, तर दुसरा टप्पा. इथे एक फसवा बिघाड आहे, आणि तो जुन्या डेस्कटॉपवर इतका सर्रास आढळतो की त्याच्यावर थोडे थांबायला हवे. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा दिसणारा एक सेल असतो, सीआर २०३२. बायोसची घड्याळवेळ आणि मांडणी तो सांभाळतो. भिंतीवरचे बटण चालू असेपर्यंत त्या कामाला एसएमपीएसची वीज पुरते, म्हणून सेल मेला तरी कळत नाही. आपल्याकडे दुकान बंद करताना मेन बटणच खाली ओढायची पद्धत. मग रात्रीत बायोस सगळे विसरते आणि कारखान्यातल्या मूळ मांडणीवर जाते. डिस्क कोणत्या पद्धतीने वाचायची हेही त्या मांडणीत असते. ती बदलली की विंडोजला आपलीच डिस्क ओळखता येत नाही आणि 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' अशी निळी पाटी येते. आदल्या संध्याकाळी अपडेट बसलेले असते, त्यामुळे खापर त्याच्यावर फुटते. खरी खूण बायोसच्या घड्याळात असते : तारीख भलतीच मागे गेलेली दिसते. सेल बदला, तारीख घाला, डिस्कची पद्धत पूर्वीसारखी करा, आणि संगणक जणू काही झालेच नाही असा सुरू होतो. याच बिघाडावर फॉरमॅट केले तर? विंडोज नव्या मांडणीवर छान बसते, गिऱ्हाईक पैसे देऊन जाते, आणि सेल मेलेलाच राहतो.

विंडोजचा लोगो, गोल फिरणारे ठिपके, आणि मग निळा पडदा : हा तिसरा टप्पा, आणि अपडेटवर संशय घ्यायची पहिली रास्त जागा. पडद्याच्या तळाशी कोड असतो. तो मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. दुरुस्तीला आलेल्या माणसाला 'निळं काहीतरी आलं होतं' यापेक्षा तो फोटो शंभर पटीने उपयोगी. (२०२५ पासून विंडोज ११ मध्ये हा पडदा काळा झाला आहे, 'ब्लू स्क्रीन' हा शब्द मात्र आता जायचा नाही.)

ठिपके जाऊन काळा पडदा आणि त्यावर फक्त माउसचा बाण राहिला, तर बहुधा ग्राफिक्सचा ड्रायव्हर. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकदम दाबली की ग्राफिक्स नव्याने सुरू होते. फुकटचा उपाय आहे, आधी करून पाहावा. आणि डेस्कटॉप आला पण एकही फाइल नाही, वॉलपेपरही मूळचा, असे झाले तर घाबरून काहीही करू नये. त्याचे कारण पुढे येते.

'नंतर' आणि 'मुळे'

अपडेटच्या मागोमाग बिघाड होतो, तेव्हा अपडेटच कारण असेल असे वाटणे स्वाभाविक आहे. पण अपडेट निर्दोष असतानाही बिघाड नेमका त्याच वेळी उघडा पडावा, याला तीन भक्कम कारणे आहेत.

पहिले फारसे कोणाला ठाऊक नसते. २०१२ मध्ये विंडोज ८ आले तेव्हापासून 'शट डाउन' म्हणजे पूर्ण बंद राहिलेले नाही. लवकर सुरू व्हावे म्हणून विंडोज कर्नेलची स्थिती डिस्कवर जशीच्या तशी लिहून ठेवते आणि सकाळी तीच परत आणते. पूर्ण नव्याने उभारणी होते ती फक्त 'रीस्टार्ट'च्या वेळी. रोज संध्याकाळी शिस्तीने बंद होणारा संगणक कित्येक आठवड्यांत एकदाही खऱ्या अर्थाने नव्याने सुरू झालेला नसतो. अपडेट रीस्टार्ट मागते, आणि मधल्या काळात साचलेले सगळे त्या क्षणी वर येते : मागच्या महिन्यात टाकलेला प्रिंटरचा ड्रायव्हर, अर्धवट काढलेला अँटिव्हायरस, डिस्कवरची खराब झालेली एखादी फाइल.

दुसरे कारण डिस्क. अपडेट हजारो फायली वाचते, पडताळते, पुन्हा लिहिते. रोज टॅली आणि ब्राउझर एवढेच चालवणाऱ्या सहा-सात वर्षांच्या हार्ड डिस्कवर एवढा ताण एरवी कधी येत नाही. तिच्यात खराब सेक्टर असतील तर ते त्या रात्री सापडतात. टक-टक आवाज येत असेल तर बाकी सगळे बाजूला ठेवून आधी डिस्कवरचा डेटा दुसरीकडे हलवावा.

तिसरे कारण वीज. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात दिवे केव्हा जातील याचा नेम नसतो, आणि बहुतेक यूपीएसची बॅटरी नावापुरती उरलेली असते. विंडोजची रचना याला काही प्रमाणात तोंड देते. नवे भाग आधी वेगळ्या भांडारात ठेवले जातात, अदलाबदल रीस्टार्टच्या वेळी होते, आणि मध्येच अडले तर 'बदल मागे घेत आहोत' असा संदेश देऊन जुनी स्थिती परत आणली जाते. पण ही माघार चालू असतानाच पुन्हा वीज गेली, किंवा टक्केवारी हलत नाही म्हणून वैतागून कोणी बटण दाबून धरले, तर अर्धे जुने आणि अर्धे नवे असे यंत्र तयार होते. जुन्या हार्ड डिस्कवर हे काम दोन-तीन तास चालू शकते. डिस्कचा छोटा दिवा लुकलुकत असेल तोवर हात लावू नये.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर तिन्ही कारणे एकत्र येण्याची परिस्थिती होती. दिवसेंदिवस बंद राहिलेली यंत्रे, दमट हवा, उतरलेले सेल, आणि सुरू केल्या केल्या साचलेल्या अपडेट्सचा लोंढा. अशा यंत्राची पहिली तपासणी कोरड्या कापडाने आणि बायोसच्या घड्याळाने व्हायला हवी.

अपडेट खरेच दोषी होते तेव्हा

याचा अर्थ मायक्रोसॉफ्टला निर्दोष सोडावे असा नाही. कागदोपत्री नोंदलेली प्रकरणे कमी नाहीत.

२ ऑक्टोबर २०१८ रोजी विंडोज १० ची १८०९ ही आवृत्ती आली आणि काही जणांच्या डॉक्युमेंट्स, पिक्चर्स यांसारख्या फोल्डरमधल्या फायली नाहीशा झाल्या. मायक्रोसॉफ्टने चार दिवसांत वाटप थांबवले आणि १३ नोव्हेंबरला दुरुस्त आवृत्ती सोडली. तक्रारींचे प्रमाण दहा हजारांत एक एवढेच असल्याचे कंपनीने सांगितले. ज्याचे फोटो गेले त्याला या प्रमाणाचा काय उपयोग? फेब्रुवारी २०२० मध्ये वरवर तसेच दिसणारे प्रकरण झाले. अपडेटनंतर काही यंत्रांवर मूळ प्रोफाइलऐवजी तात्पुरते प्रोफाइल उघडू लागले आणि डेस्कटॉप रिकामा दिसू लागला. या वेळी फायली गेल्या नव्हत्या. सी ड्राइव्हच्या युजर्स फोल्डरमध्ये जुने प्रोफाइल नावामागे शेपूट लागून तसेच पडलेले होते. काही जणांचे तर काही वेळा रीस्टार्ट केल्यावर आपोआप जागेवर आले. दोन्ही प्रसंगी वापरणाऱ्याला दिसले ते एकच, फायली जागेवर नाहीत. पहिल्यात फायली वाचवायच्या तर डिस्कवर नवे काही न लिहिणे हाच उपाय होता, दुसऱ्यात फायली सुखरूपच होत्या. दोन्हींत फॉरमॅटने त्यांची कायमची वाट लागली असती.

९ मार्च २०२१ चे अपडेट आठवण्यासारखे आहे ते त्याच्या वेळेमुळे. क्योसेरा, रिको, झेब्रा अशा काही कंपन्यांच्या प्रिंटरना छपाईचा आदेश दिला की विंडोज निळ्या पडद्यावर कोसळू लागली. वर्षअखेरीचा मार्च, आणि प्रिंट दिली की संगणक बंद! सहा दिवसांत दुरुस्ती आली, पण तिच्यानंतरही काही ठिकाणी छपाईत चित्रे, बारकोड गायब होऊ लागले, म्हणून आणखी एक दुरुस्ती सोडावी लागली. इथे निदानाचा धागा सोपा होता : एरवी यंत्र ठीक, प्रिंट दिली की कोसळते.

मात्र सर्वांत बोधप्रद प्रकरण विंडोजच्या अपडेटचे नव्हतेच. शुक्रवार, १९ जुलै २०२४. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या फाल्कन या प्रणालीसाठी एक छोटी माहितीफाइल पाठवली. प्रणालीच्या नव्या साच्याला २१ रकाने अपेक्षित होते. प्रत्यक्षात तिच्या हाती २० दिले जात होते. एकविसावा वाचायला गेलेला कार्यक्रम मेमरीच्या हद्दीबाहेर गेला, आणि तो कर्नेलच्या पातळीवर चालत असल्याने अख्खी विंडोज कोसळली. फाल्कनचा ड्रायव्हर बूट होतानाच चढतो, म्हणून रीस्टार्ट केले की पुन्हा तेच. चूक ७८ मिनिटांत मागे घेतली गेली, पण तोवर भारतातली कार्यालये उघडत होती. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने जगभरात ८५ लाख यंत्रे या तडाख्यात सापडली. मुंबईसह देशातल्या विमानतळांवर रांगा लागल्या, हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. दहा बँका आणि वित्तसंस्थांच्या कामात किरकोळ अडथळे आल्याचे रिझर्व्ह बँकेने सांगितले. घरगुती संगणकांना धक्का लागला नाही, कारण फाल्कन मोठ्या संस्थांसाठी आहे.

यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. अपडेट म्हटले की विंडोजकडे बोट जाते, पण अँटिव्हायरस, ड्रायव्हर, बायोस, हिशेबाचे सॉफ्टवेअर हे सगळे आपापली अपडेट्स आणत असतात. आणि एवढ्या जागतिक गोंधळावरचा उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जायचे आणि एक फाइल काढून टाकायची. काही यंत्रे तर पंधरापर्यंत वेळा रीस्टार्ट केल्यावर सावरली, कारण मध्येच सुधारित फाइल उतरायला फट मिळाली. या दुरुस्तीला फॉरमॅटची गरज नव्हती. ज्यांची डिस्क कुलूपबंद (एन्क्रिप्टेड) होती आणि ती उघडण्याच्या किल्लीचा पत्ता नव्हता, त्यांचेच हाल झाले.

सिद्ध कसे करायचे

विंडोज कशीबशी सुरू होत असेल तर रिलायबिलिटी मॉनिटर नावाची एक खिडकी उघडावी. दिवसावार तक्त्यात कोणते अपडेट केव्हा बसले, कोणता प्रोग्राम केव्हा कोसळला, सगळे दिसते. तक्रारीतली पहिली कोसळण्याची नोंद अपडेटच्या आधीची निघते, असे कितीदा तरी होते. मग वाद तिथेच मिटतो.

दुसरी कसोटी सोबतच्या यंत्रांची. शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा आणि एमएस-सीआयटीची केंद्रे यांच्याकडे या बाबतीत एक मोठी सोय असते : एकाच वेळी घेतलेले, एकाच बनावटीचे पंधरा-वीस संगणक. एकच अपडेट सगळ्यांवर बसले आणि एकच बंद पडला, तर दोष त्या यंत्राचा. सगळे एकाच जागी अडले, तर अपडेटचा किंवा सर्वांवर असलेल्या एखाद्या ड्रायव्हरचा. १९ जुलैला निदान इतके लवकर झाले त्याचे कारण हेच : एकमेकांशी संबंध नसलेली लाखो यंत्रे, एकच तास, एकच पाटी.

तिसरी कसोटी उलटापालटीची. अपडेट काढल्यावर संगणक सुरू झाला, हा अर्धा पुरावा. तेच पुन्हा बसवल्यावर पुन्हा बंद पडला, तरच पूर्ण. दुसरा भाग कोणी करत नाही, आणि एकटा संगणक असलेल्या दुकानदाराने तो करावा असे मीही म्हणणार नाही. पण मग निष्कर्षही तेवढ्याच जपून काढावा.

क्रॅक मारलेल्या विंडोजवर मात्र या कसोट्या चालत नाहीत. परवान्याची तपासणी चुकवण्यासाठी कोणत्या फायली बदलल्या आहेत हेच माहीत नसेल, तर अपडेटने काय बिघडवले हे कशाच्या तुलनेत सांगायचे?

उपचार

आधी डेटा. हा नियम सांगायला सोपा आणि दुकानात सर्वांत आधी मोडला जाणारा. यंत्र सुरू होत नसले तरी डिस्क बहुधा जिवंत असते. पेनड्राइव्हवरून चालणारी उबुंटू किंवा मिंट सुरू करून, नाहीतर डिस्क काढून यूएसबी केसमध्ये घालून फायली उतरवता येतात. जुन्या हार्ड डिस्कवर चुकून फॉरमॅट झाले तरी बरेच काही परत मिळवता येत असे. एसएसडीवर ती आशा सोडावी, कारण फॉरमॅट करताना विंडोज डिस्कला 'ही जागा मोकळी समज' असा ट्रिमचा आदेश देते आणि जुना मजकूर खऱ्या अर्थाने नाहीसा होतो. म्हणजे ज्या काळात फॉरमॅट मारायची सवय लागली, त्या काळापेक्षा आज ती कितीतरी अधिक धोक्याची आहे.

दुसरी नवी अडचण बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलुपाची. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला की डिस्क आपोआप कुलूपबंद होते. मालकाला त्याची कल्पनाही नसते. बायोस बदलले, काही अपडेट्स बसली की निळ्या पडद्यावर ४८ आकडी किल्ली मागितली जाते. ९ जुलै २०२४ च्या अपडेटनंतर काही यंत्रांवर विनाकारण असे झाले आणि पुढच्या महिन्याच्या अपडेटने ते दुरुस्त केले गेले. संगणक बिघडलेला नसतो, फक्त किल्ली हवी असते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात, संकेतस्थळावर साठवलेली असते. पण लॅपटॉप घेताना खाते कोणाच्या ईमेलवर उघडले? विक्रेत्याने घाईत स्वतःच्याच एखाद्या ईमेलवर उघडून दिले असेल, तर किल्ली त्याच्याकडे आणि डेटा तुमच्याकडे, अशी स्थिती.

डेटा सुरक्षित झाला की दुरुस्ती. सलग दोनदा सुरू होण्यात अपयश आले की तिसऱ्या वेळी विंडोज आपला दुरुस्तीचा पडदा दाखवते. त्यापूर्वी प्रिंटर, डोंगल, पेनड्राइव्ह सगळे काढून ठेवावे. पडद्यावर प्रगत पर्यायांत अपडेट काढून टाकण्याची सोय आहे आणि तिच्यात दोन बटणे आहेत : एक नेहमीच्या मासिक अपडेटसाठी, दुसरे वर्षातून एकदा येणाऱ्या मोठ्या आवृत्तीसाठी. मोठी आवृत्ती बदलली असेल तर परतीची मुदत दहा दिवसांची. नंतर जुन्या विंडोजचे फोल्डर आपोआप पुसले जाते. हे जमले नाही तर सिस्टिम रिस्टोर, मग कमांडच्या खिडकीतून अर्धवट राहिलेली अपडेट्स रद्द करण्याचा डिस्मचा आदेश, मग बूटच्या फायली नव्याने लिहिणे. या खिडकीत सी ड्राइव्हचे अक्षर बदललेले असू शकते, ते आधी पाहावे. चेकडिस्क मात्र डिस्क निरोगी असल्याची खात्री असल्याशिवाय चालवू नये. मरणाऱ्या डिस्कवर ते तासन्‌तास घासत राहते आणि उरलेसुरलेही घालवते.

या दुरुस्तीच्या पडद्यालाही १४ ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटने दगा दिला. विंडोज ११ वर त्या पडद्यात यूएसबी कीबोर्ड आणि माउस चालेनासे झाले. सहा दिवसांनी, २० ऑक्टोबरला तातडीची दुरुस्ती आली. मधल्या काळात उपाय होता तो गोल पिनच्या जुन्या पीएस-टू कीबोर्डचा, अर्थात ज्या डेस्कटॉपवर ते भोक शिल्लक असेल त्यावर. अडगळ सांभाळणाऱ्या दुकानदारांना तेवढाच दिलासा.

'रीसेट, पण फायली ठेवा' हा पर्याय शेवटून दुसरा. फायली राहतात, पण बसवलेले प्रोग्राम जातात : टॅली, मराठी टायपिंगचे जुने सॉफ्टवेअर, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर. जीएसटीच्या मुदतीच्या आदल्या दिवशी रीसेट केलेला संगणक सुरू असूनही बिनकामाचा असतो.

संगणक चालू, काम बंद

शाहूपुरीतल्या व्यापारी पेढ्यांची तक्रार हल्ली अशा वेगळ्या जातीची असते. दोन संगणक, एकावर टॅलीचा डेटा, दुसऱ्यावरून शेअर केलेल्या फोल्डरमधून वापर. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती आली आणि दुसऱ्या संगणकावरून फोल्डर उघडेना. बिघाड कुठेच नाही. या आवृत्तीने प्रो वापरणाऱ्यांसाठी नेटवर्कवरच्या देवाणघेवाणीला सही सक्तीची केली आणि पासवर्डविना पाहुणा म्हणून शिरणे बंद केले. इंटरनेटवर शोधले की ही सक्ती उठवण्याचे तोडगे सापडतात. ते करू नयेत. डेटा असलेल्या संगणकावर एक वापरकर्ता आणि पासवर्ड तयार करून त्याच्यामार्फत प्रवेश घ्यावा. पाच मिनिटांचे काम आहे.

फौंड्रीच्या प्रयोगशाळेत धातूची तपासणी करणाऱ्या महागड्या यंत्राला जोडलेला, विंडोज एक्सपी किंवा ७ वरचा संगणक दिसतो, तिथे मत उलट द्यावे लागते. त्या यंत्राचे सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नसेल तर ती बदलूच नये. पण मग त्याला इंटरनेटही देऊ नये आणि डिस्कची तंतोतंत प्रत काढून कपाटात ठेवावी.

बाकीच्यांनी अपडेटच बंद करून टाकावे का? दुकानात हा सल्ला सर्रास मिळतो. पण २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने विंडोजच्या ज्या भगदाडातून जगभरातली यंत्रे ओलीस धरली, त्यावरचे ठिगळ मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलेले होते. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या या दुसऱ्या व्हायरसने तेच भगदाड पुन्हा वापरले आणि उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातले मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचे टर्मिनल ठप्प झाले. या नॉटपेट्याचा शिरकाव कसा झाला होता? युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. तेव्हा 'सगळे अपडेट ताबडतोब' आणि 'कोणतेच अपडेट नको' हे दोन्ही आळशी नियम आहेत. मासिक अपडेट आठवडाभर लांबवावे, विंडोजमध्ये तशी सोय आहे. तेवढ्यात दोष असेल तर जगभरातून ओरड होते आणि ते मागे घेतले जाते किंवा दुरुस्त होते. आठवड्यानंतर मात्र बसवावे, आणि ते शनिवारी दुपारी, मुदतीच्या आदल्या रात्री नव्हे.

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरकर्त्यांना वाढीव सुरक्षा अपडेट्सची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, त्यासाठी नोंदणी करावी लागते. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागते आणि इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे बहुतेक प्रोसेसर चालत नाहीत, म्हणून जुन्या यंत्रांवर तपासणी चुकवून ती बसवून देण्याचा धंदा जोरात आहे. अशा यंत्राला पुढची अपडेट्स मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि कोअर टू ड्युओच्या काळातल्या यंत्रावर २४एच२ सुरूच होत नाही, कारण तिला लागणारी सूचनाच त्या प्रोसेसरला येत नाही. अशा संगणकात बिघाड आहे असे म्हणता येणार नाही. दुरुस्तीचे पैसेही त्याच्यावर घालू नयेत.

आणि सीपीयू काखेत मारून दुकानाची पायरी चढण्यापूर्वी एवढे करा : शेवटच्या पडद्याचा फोटो घ्या, आदल्या दिवशी काय काय नवे बसवले ते आठवून कागदावर लिहा, ४८ आकडी किल्ली शोधून सोबत ठेवा, आणि पावतीवर दुकानदाराकडून लिहून घ्या की विचारल्याशिवाय फॉरमॅट करणार नाही.